कोंबांतलं आम्ल

तळघराचं दार ढकलून फुंकरराव आत डोकावले आणि लगेच नाकावर हात दाबून दोन पावलं मागे सरले. "बाई, अहो काय मेलंय इथे?" ते म्हणाले, "आणि तुम्ही खुशाल बसलाय!" ती खरंच खुशाल बसली होती. स्टूल ओढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मिणमिणत्या दिव्यात वाटाण्याच्या कोंबांकडे बघत ती बराच वेळ तिथे होती. एक ट्रे तिच्या गुडघ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर होता, आणि आता दार सताड उघडल्यावर बाहेरच्या उजेडात तिला दिसलं की त्यातले कोंब उभे नाहीत. आडवे पडलेत, त्यांचा चिखल झालाय, वर पिवळट फेस धरलाय. "हो ना," ती म्हणाली, "तेच बघत होते." हे इतकं सहज तोंडातून निघून गेलं की आपण खोटं बोललो हे तिला नंतर कळलं. मग तिने एक श्वास मुद्दाम नाकाने, खोल, पोटापर्यंत घेतला. हवा आत गेली. गार होती, ओलसर होती. बाकी तिच्यात काहीच नव्हतं.

फुंकररावांनी रुमाल तोंडाला बांधला, ट्रे उचलला, "हे तुमचं शास्त्र तुम्हालाच लखलाभ" असं पुटपुटत तो मागच्या आवारात नेऊन ओतला आणि हात धुवायला गेले. ते विभागातले काचकाम करणारे. दिवसभर ज्योतीपाशी बसून काचेच्या नळ्या फुंकतात म्हणून त्यांचं फुंकरराव. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. ती मात्र तिथेच राहिली. दुसऱ्या ट्रेवर ओणवी होऊन तिने वास घेतला, मग जिथे सडका ट्रे होता त्या ओल्या लाकडावर जवळजवळ नाक टेकवलं. काळजात धस्स झालं, हे खरं. पण त्या धस्सच्या पाठोपाठ, अगदी त्याच्या पदराला धरून आल्यासारखं, दुसरंही काहीतरी आलं, आणि ते भीतीपेक्षा लवकर जागेवर बसलं. ही तर मोठी मौजेची गोष्ट आहे, असं तिला वाटलं. इतका मोठा वास आहे की एक माणूस मागे सरकतो, आणि मला तो नाही. म्हणजे तो गेला कधी?

यंदा जुने प्रयोग जुन्याच पद्धतीने करून दाखवावेत असं विभागप्रमुखांच्या मनात आलं होतं. प्रमुखांच्या मनात काही आलं की बाकीच्यांच्या नाकी नऊ येणार हे ठरलेलंच. कुणी रंग घेतले, कुणी साबण घेतला, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक शांत, चिकट प्रयोग तिच्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. त्यात धडाका नाही, रंग नाही, नुसता वेळ जातो. वाटाणे अंधारात रुजवायचे. ऊन न मिळाल्यामुळे कोंब पांढरेफटक आणि लांबलचक होतात, उजेड कुठे आहे का हे शोधत वर वर जातात. मग ते कापायचे, रस काढायचा, उकळून गाळायचा, आटवायचा आणि ठेवून द्यायचा. सावकाश तळाशी काचेच्या खड्यांसारखे स्फटिक धरतात. हेही एक आम्लच, पण नायट्रोजन पोटात घेऊन बसलेलं, आणि त्यामुळे आंबटपणा जवळजवळ विसरलेलं. त्याच्यावर नायट्रस आम्ल घातलं की तो नायट्रोजन बुडबुडे होऊन निघून जातो आणि मागे एक साधं, ओळखीचं आम्ल उरतं. कच्च्या सफरचंदात असतं तेच. ज्यांनी जन्मात ऊन पाहिलं नाही त्या कोंबांतून सफरचंदाचा आंबटपणा! विद्यार्थिदशेत हे वाचलं तेव्हा ती पुस्तक मिटून बराच वेळ बसली होती. त्या जुन्या माणसाला आधी काय सुचलं असेल, की याच्यातून काही काढून घेतलं तर खाली ते सापडेल? आणि सापडल्यावर ते तेच आहे, सफरचंदातलंच आहे, याची त्याने खात्री कशी करून घेतली असेल? तेव्हा यंत्रं नव्हती. डोळे, बोटं, नाक आणि जीभ एवढीच हत्यारं. बाटलीत काय आहे ते माणूस चाखून बघायचा आणि जगलावाचला तर लिहून ठेवायचा.

तिचं हत्यार नाक होतं. विद्यार्थी पाठीमागे तिला 'घ्राणेंद्रिय' म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लेबल पडलेली बाटली आधी बाईंना दाखवल्याशिवाय उघडायची नाही, ही विभागातली रीतच पडून गेली होती. कुणी नियम केला नव्हता. नव्या माणसाला जुना माणूस सांगायचा, एवढंच. ती बूच काढायची, बाटली लांब धरून तोंडावरची हवा तळव्याने हलकेच आपल्याकडे ओढायची, क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची. चुकली असं कुणाला आठवत नव्हतं. याची सुरुवात कॉलेजात झाली नव्हती, फार आधी झाली होती. आईचं धुलाईचं लहानसं दुकान होतं. शाळेतून आली की ती धुवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगात बसायची, आणि गाठोडी सुटून कपडे एकमेकांत मिसळले की आई म्हणायची, "बघ गं, हा कुणाचा?" ती शर्टाच्या कॉलरमध्ये तोंड खुपसायची. हा शिक्षकांचा, हा त्या मोटार दुरुस्त करणाऱ्याचा, हा जिन्याखालच्या बाईंच्या भावाचा, तो बरेच दिवस आजारी आहे. आई हसायची, पण ती सांगेल त्याच गाठोड्यात कपडा टाकायची. माणसं त्यांच्या कपड्यांत आपला काही भाग ठेवून जातात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, हे तेव्हापासून तिच्या मनात पक्कं होतं. आईचा स्वतःचा वास साबणाच्या वाफेचा आणि गरम इस्त्रीखालच्या ओल्या सुताचा होता. आता, तळघराच्या पायऱ्या चढताना, तिने तो आठवून पाहिला. शब्द आठवले. साबण, वाफ, सूत. शब्दांच्या मागे दार होतं आणि ते बंद होतं.

वर प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी नव्हतं. तिने फडताळासमोर उभी राहून स्वतःवरच प्रयोग मांडला. व्हिनेगरातल्या आम्लाची बाटली उघडली आणि नाकात झणका बसला. डोळ्यांत पाणी आलं. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने "आहे!" असं म्हणाली. मग अमोनिया: पुन्हा झणका. पण दोन्ही झणके अगदी सारखे होते, जुळ्या भावांसारखे. आणि हे वास नव्हेत, ही नुसती टोचणी आहे, सुई टोचावी तशी, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आनंद ओसरला. मग डांबराच्या गोळ्या. काही नाही. कडू बदामाच्या वासाचं एक तेल होतं, त्याने एरवी अख्खी खोली भरून जाते. काही नाही. लवंगेचं तेल, कापूर, टेबलावर कुणीतरी अर्धा ठेवलेला कॉफीचा कप. कॉफीतून गालाला ऊब लागली. ती एकेक बाटली परत जागेवर ठेवत गेली, आणि दर बाटलीला भीती थोडी वाढत होती आणि तिच्या बरोबरीने कुतूहलही. फडताळ तेच होतं. बाटल्या त्याच, बुचं तीच. त्यांच्यातून एक गोष्ट निघून गेली होती आणि तरी त्या जशाच्या तशा उभ्या होत्या. थंडीत तिला मोठं पडसं झालं होतं, नाक चोंदून गेलं होतं, मग ते मोकळं झालं आणि सगळं पूर्ववत झालं असं तिने गृहीत धरलं. पण त्यानंतर तिला एक तरी वास आला होता का? ती मागे मागे जात राहिली. बसमधली माणसं, जिन्यातला रंग, नवी वही, नवऱ्याची मान. प्रत्येक ठिकाणी ती आठवणीतल्या स्वतःला विचारत होती, इथे होता? आणि आठवणीतली ती खांदे उडवत होती.

आणि मग घरी जाताना, रस्ता ओलांडायला उभी असताना, तिला ते उत्तर अचानक मिळालं, आणि दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी ती फुटपाथवरच राहिली. थंडी संपल्यापासून ती घरात कुरकुर करत होती. भाज्यांना हल्ली चवच राहिली नाही. हा चहा आहे की गरम पाणी? तू लसूण घालतोस की नुसता दाखवतोस? नवरा छापखान्यात अक्षरं जुळवायचा. नोकरी संपल्यावर त्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि त्याच चिकाटीने भाज्या-मसाले जुळवायला लागला. ती कुरकुरली की तो ऐकून घ्यायचा. आधी त्याने भाजीवाला बदलला. मग चहा बदलला, मग पुन्हा बदलला. जुनी कढई काढून नवी आणली. एकदा ती लवकर घरी आली तेव्हा तो फोनवर आपल्या बहिणीला विचारत होता, "ताई, तू कांदा किती वेळ परततेस गं?" आणि तिला बघून त्याने विषय बदलला होता. गेल्या पंधरवड्यात कधीतरी, पानावरून उठता उठता, ती म्हणाली होती, "तुझ्या हाताला चव राहिली नाही बघ." गमतीनेच म्हणाली होती, म्हणजे अर्ध्या गमतीने. त्याने आपले हात उलटेपालटे करून पाहिले होते. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता फुटपाथवर, बाजूने माणसं जात असताना, तिला त्या हातांची इतकी दया आली की तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली, आणि रस्ता ओलांडायचं विसरली.

त्या संध्याकाळी तिने त्याला सांगितलं नाही. सांगायचं ठरवूनच जिना चढली होती. पण त्याने दार उघडलं, पान मांडलं, आणि समोर बसून रोजच्यासारखं, जरा जास्तच सहजपणे विचारलं, "आज कसं झालंय?" आणि ती म्हणाली, "छान झालंय." त्याचा चेहरा असा उजळला की त्यानंतर सांगणं अवघड होऊन बसलं. ती चावत राहिली. मीठ होतं, तिखट होतं, काहीतरी गोडसर होतं, आणि त्यांच्यामध्ये जिथे भाजी असायची तिथे नुसती ऊब होती आणि मऊपणा होता. तिने डोळे मिटून तपासलं. वांगं की दोडका? तिला खरंच कळेना. तिने हळूच डोळे उघडून बघून घेतलं.

विभागात तर तिने ताकास तूर लागू दिली नाही. का, हे ती स्वतःला विचारत होती आणि उत्तर टाळत होती. नाकावर तिची अर्धी अब्रू उभी होती हे एक. दुसरं असं की तिला अजून बघायचं होतं. कुणाला सांगितलं की लगेच औषधं, सल्ले, हळहळ सुरू होणार, आणि ही विलक्षण रिकामी जागा तिला आधी एकटीने फिरून पाहायची होती. नव्या घरात सामान यायच्या आधी माणूस फिरतो तशी. तिने डोळ्यांना कामाला लावलं. ज्या काचेच्या कपाटातून पंखा विषारी धूर वर ओढून नेतो त्याच्या तोंडाशी तिने टिशूची पट्टी चिकटवली. पट्टी आत ओढली गेली की पंखा चालू आहे, लोंबकळली की बंद आहे. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. दरम्यान उरलेल्या कोंबांचा रस निघाला, आटला, आणि तळाशी स्फटिक धरले. पाण्याने धुऊन तिने ते उजेडात धरले. टपोरे, स्वच्छ, कडा धारदार. अंधारात वाढलेल्या त्या फिक्या गवतासारख्या गोष्टीतून हे निघालंय यावर विश्वास बसू नये इतके.

ज्या सकाळी तिने ते विरघळवून, बर्फात ठेवून, त्यांच्यात नायट्रस आम्ल तयार व्हावं असे थेंब सोडायला सुरुवात केली, त्याच सकाळी फुंकरराव एक बाटली घेऊन आले. "बाई, लेबल गळून पडलंय. मला नळी आतून धुऊन सुकवायचीय. स्पिरिटच असणार, पण एकदा बघा. मला आपला दवाखान्यासारखा वास येतोय, आणि तुमच्याकडच्या निम्म्या बाटल्यांना दवाखान्यासारखाच येतो." तिचं लक्ष थेंबांवर होतं. तिने बूच काढलं, बाटली लांब धरली, तळव्याने हवा ओढली, डोळे मिटले. सगळं अगदी नेहमीसारखं. आत पाण्यासारखं पातळ, स्वच्छ काहीतरी हललं. एवढ्या वेळात सांगता आलं असतं. फुंकरराव, मला वास येत नाही. पाच शब्द. त्याऐवजी तिने ऐकलं, आपला आवाज म्हणतोय, "स्पिरिटच आहे." "बघा, म्हटलं नव्हतं!" असं म्हणून ते गेलेही.

मग बुडबुडे यायला लागले. आधी एक, बर्फाच्या गार काचेला धरून वर सरकलेला, मग दुसरा, मग एक बारीक माळ. ती वाकून बघत राहिली. हाच तो नायट्रोजन. याला रंग नाही, चव नाही, आणि वास तर कुणासाठीच नाही. तो जातो तेव्हा खोलीतल्या कुणालाच पत्ता लागत नाही. पातळ पदार्थातून जाताना त्याला आकार घ्यावा लागतो म्हणून तेवढा दिसतो. तिला हसू आलं. माझं जे गेलं त्याचे बुडबुडे कुणी पाहिले असतील? चहा बदलणाऱ्याने. कढई बदलणाऱ्याने. ती अंगठ्याने चष्मा वर सारायला गेली आणि अंगठ्यापाशी थांबली. बूच काढताना एक थेंब अंगठ्यावर पडला होता. तो गार लागला होता, फारच गार, बर्फाचा खडा ठेवावा तसा. आणि तिने बघेपर्यंत तो नव्हताच. स्पिरिटही गार लागतं, पण रेंगाळतं. हा रेंगाळला नव्हता. आणि बाटलीच्या आत काचेवरून ते उतरलं होतं ते किती चपळपणे उतरलं होतं! डोळ्यांनी हे सगळं पाहून ठेवलं होतं, बोटाने नोंदवून ठेवलं होतं, फक्त तिने त्यांना विचारलं नव्हतं, कारण ती वास घेतल्याचं सोंग वठवण्यात गुंतली होती. ते ईथर होतं. ज्योतीपासून लांब ठेवलं तरी त्याची वाफ टेबलावरून सरपटत ज्योत शोधून काढते.

ती पळाली. कितीतरी वर्षांत ती अशी पळाली नव्हती. चप्पल एका वळणावर निसटली तशीच राहू दिली. काचकामाच्या खोलीचं दार उघडं होतं. फुंकरराव पाठमोरे बसले होते, धुतलेली नळी झटकून एका हातात धरलेली, दुसरा हात गॅसच्या चावीवर, आणि चकमक पुढ्यात. "नको!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. त्यांनी दचकून हात मागे घेतला. तिने जाऊन चावी घट्ट बंद केली, खिडक्या उघडल्या, बाटली आणि नळी उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवल्या, आणि मग भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय झालं काय?" फुंकरराव म्हणाले.

"ते ईथर आहे."

"पण तुम्ही तर..."

"मला वास येत नाही, फुंकरराव. कसलाच येत नाही. थंडीपासून. तळघरातला पण नव्हता आला."

त्यांनी आपल्या भुवया चाचपल्या, जागेवर आहेत का बघावं तशा. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "आणि तरी सांगितलंत? बाई, अहो तुम्ही म्हणालात म्हणून मी डोळे झाकून... येत नाही तर येत नाही म्हणायचं! मला चष्म्याशिवाय दिसत नाही, मी काय गावभर लपवतो का?" ते खरोखर रागावले होते, आणि तिला तो राग हवा होता, अगदी रास्त मापाचा होता तो. "चुकलं माझं," ती म्हणाली, "जीव गेला असता तुमचा." हे बोलताना तिला रडू फुटलं. तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन तिची चप्पल शोधून आणली आणि तिच्या पायांपाशी ठेवली. "आधी ही घाला. इथे काचा असतात," ते म्हणाले.

दुपारी तिने प्रमुखांना जाऊन सांगितलं, आणि विभागातली ती जुनी रीत बंद झाली; लेबल नसलेली बाटली आता सरळ बाजूला काढायची असं ठरलं. प्रमुखांनी हळहळून "मग प्रयोग दुसऱ्या कुणाकडे देऊ या का?" असं विचारलं. ती नको म्हणाली, आणि तसं म्हणताना तिला आपल्या आवाजात कसलीही ऐट ऐकू आली नाही. फक्त शेवट बघायची उत्सुकता होती. जुन्या पद्धतीत पुढे एक पायरी अशी होती की जिथे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू वापरायचा. त्या वायूची खोड अशी की तो अति झाला की माणसाची वास घेण्याची शक्तीच आधी मारतो, आणि मग माणसाला. ती पायरी तिने गाळली. तिथपर्यंत जायची गरजच नव्हती. ओळख त्याच्या आधीच पटत होती. आम्लाचा शिशाबरोबर एक पांढरा क्षार होतो, आणि त्या जुन्या माणसांना त्याची एक लकब माहीत होती: तो उकळत्या पाण्यात टाकला की विरघळत नाही, तळाशी बसून राळेसारखा मऊ पडतो, चिकट गोळा होतो. सफरचंदातल्या आम्लाचा क्षार असाच वागतो. तिने गोळ्या-चॉकलेटं बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून हेच सफरचंदातलं आम्ल तयार आणलं होतं. पुडा पर्समध्येच असायचा, घरच्या चहासाखरेसारखा स्वच्छ; त्यातलं थोडंसं प्रयोगासाठी काढून त्याचाही क्षार बनवला होता. दोन चंचुपात्रं शेजारी शेजारी. एकात सफरचंदवाला, दुसऱ्यात कोंबवाला. फुंकरराव रुसवा सोडून बघायला आले होते. "वासाला मी आहे," त्यांनी जाहीर केलं, "काही करपलं तर सांगेन." पाणी उकळलं. पहिल्या पात्रातलं पांढरं पीठ तळाशी खचलं, गोळा झालं. दुसऱ्यातलं मात्र होतं तसंच राहिलं. ती श्वास रोखून बघत होती. मग त्याची एक कड चकाकली, ओघळली, आणि सगळं मिळून अगदी तसंच आत बसलं. तिने काचेच्या काडीने ते उचललं. लांब, मऊ तार निघाली. "तेच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे कोंबातलं आणि सफरचंदातलं एकच?"

"एकच. मधलं एक गेलं, की खाली हे होतंच."

जिना चढताना तिला आतून कढईचा आवाज आला. दार उघडंच होतं. नवरा पाठमोरा उभा राहून, मान वाकवून, काहीतरी परतत होता. कढईत झारा फिरवायचा, थांबायचा, वाफेत तोंड घालून वास घ्यायचा, पुन्हा फिरवायचा. हे त्याचं वास घेणं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती उंबऱ्यातच थांबली आणि मग तिथूनच म्हणाली, कारण आत गेलं असतं तर पुन्हा पान मांडलं गेलं असतं आणि तो प्रश्न आला असता. "ऐक. तुझ्या हाताची चव कुठे गेलेली नाही. माझं नाक गेलंय. थंडीपासून मला वास येत नाही. म्हणून कशालाच चव लागत नव्हती. मला कळलं तेव्हा मी लगेच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."

त्याने गॅस बारीक केला. वळला. "म्हणजे," तो म्हणाला, "भाजी बरोबर होती?"

"बरोबरच असणार."

"आणि चहा? तो पहिला, पिवळ्या डब्यातला?"

"तोही."

तो खुर्चीवर बसला. हातातला झारा तसाच. "मला वाटलं माझंच काहीतरी होतंय," तो म्हणाला. "ताईला पण विचारलं मी. म्हटलं, वय झालं. आता हातातून जायला लागलं." मग तिच्याकडे पाहून, जरा घाबरून: "परत येईल का गं?" तिने माहीत नाही असं सांगितलं. डॉक्टरकडे उद्या जायचं ठरलंय, कुणाकुणाचं येतं, कुणाकुणाचं येत नाही. हे सांगताना तिला दिसलं की तो स्वतःच्या सुटकेने खूश झालाय आणि त्या खुशीची त्याला लाज वाटतेय, आणि तिला त्याचं हसू आलं. तिने पर्समधून तो पुडा काढला, चिमूटभर दाणे एका बशीत घेतले. "जिभेवर ठेव. खायचंच आहे, भिऊ नकोस."

त्याने ठेवले. एक डोळा गच्च मिटला गेला. "आई गं! जाम आंबट."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? नुसतंच आंबट."

"नीट वास घे. कसला येतोय?"

त्याने बशी नाकाशी धरली, प्रामाणिकपणे दोनदा हुंगली. "नाही," तो म्हणाला, "कसलाच नाही."

मग तिने दाणे जिभेवर ठेवले. जबड्याच्या दोन्ही बाजू आकसल्या, डोळे पाण्याने भरले. आंबट, पूर्ण, धारदार, काठोकाठ आंबट, आणि त्याच्या पलीकडे काही नाही, त्यालाही नव्हतं आणि तिलाही नव्हतं. दोघांचे चेहरे एकसारखे वेडेवाकडे झाले होते. बऱ्याच दिवसांनी या घरात दोघांनी एकच चव घेतली होती.

त्याने उठून पान वाढलं. समोर बसला, सवयीने तोंड उघडलं, "आज कसं..." आणि अडखळला.

"तूच सांग," ती म्हणाली. "आज कसं झालंय?"

तो ताटावर वाकला, डोळे मिटले आणि जुळणीला एकेक अक्षर वेचावं तसा हळूहळू सांगायला लागला. "कांदा जरा जास्त परतलाय. गोडसर वास आहे, पण कडेला किंचित करपलाय, तो खमंग येतोय. मग लसूण. लसूण मागे आहे, उशिरा येतो. आणि वर ओली कोथिंबीर, ती आत्ताच चिरलीय म्हणून..." तिने घास घेतला आणि तो पुढे काय सांगतो ते ऐकत चावत राहिली.